होडीला पाजलेलं तेल

मासा ताजा की शिळा, हे त्याच्या डोळ्यावरून कळतं. डोळा ओला, वर आलेला असला तर मासा आजचा. खोल गेला, धुरकटला की कालचा. माझा जन्म दर्यावर गेला. तेव्हा चार वर्षांच्या माझ्या मुलीच्या डोळ्यांत जे दिसलं ते मला कळलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या वर्षी आमच्या थळ गावात गोवर आला. गोवर म्हणजे घरात देवी आली. मासळी बंद, फोडणी बंद. नवव्या दिवशीही मुलीचा ताप उतरेना, तेव्हा मी हरिहरेश्वराला बोललो, "पोर वाचव. तिला तुझ्या पायरीवर आणीन. तोवर तिच्या तोंडाला मासळी लागणार न्हाय."

पोर वाचली. मी मात्र निघालो नाही. हंगामाचे शेवटचे दिवस होते, जाळ्याला मासा लागत होता. मग पाऊस लागला, जाणं राहिलंच. आम्ही सुकट खायचो, तिच्या ताटलीत पेज आणि मीठ.

आषाढात ती तिन्हीसांजेला चालता चालता थांबू लागली. उंबऱ्याशी हात पुढे करून उभी राहायची, समोर कुणी वाट अडवल्यासारखी. एकदा चिमणी तिच्या पुढ्यात जळत होती आणि ती म्हणाली, "बा, आज दिवा का न्हाय लावला?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं चिमणीची वात वर केली.

शेजारची म्हातारी म्हणाली, "सांजचं कायतरी हुबं रातंय तिच्या म्होरं. खाडीवर नेली व्हतीस का रं पोरीला?"

"न्हाय, आजे."

"मंग तेच घरी आलं."

आम्ही दाराला लिंबू-मिरची बांधली. संध्याकाळी त्या उंबऱ्यावरून जाताना मीही अंग चोरायला लागलो. मुलगी रडली की आवाज यायचा, पाणी यायचं नाही. पापणी न हलवता ती माझ्या खांद्यापलीकडे बघत राहायची. डोळ्याच्या पांढऱ्यावर फेसासारखा ठिपका बसला होता, पुसून जात नव्हता. बुबुळं धुरकटली होती. कालच्या माशाची. मी ते बायकोला सांगितलं नाही.

नारळी पौर्णिमा जवळ आली. दर्यावर जाण्याआधी आम्ही मुशी माशाच्या काळजाचं तेल काढून होडीला चोळतो. होडीला तेल पाजायचं, असं म्हणतात. त्या दुपारी मुलगी वासावर माझ्यापाशी आली. तिनं डब्यात बोटं बुडवली आणि तोंडात घातली.

"थुंक! थुंक आधी!"

"बा, ग्वाड हाय."

मी तिच्या हातावर फटका मारला. पंच्याच्या टोकानं तिची जीभ पुसली, दोनदा. नवस मोडला असता. तिनं पुन्हा चाचपडत डब्याकडे हात नेला, तेव्हा मी डबा उंचावर ठेवला. उरलेलं सगळं तेल होडी प्याली. उन्हात ती नुसती झळकत होती.

आठ दिवसांत तिचं एक बुबुळ फुटलं. रेवसहून आगबोटीनं तिला मुंबईला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, पोर खाते काय? मी नवस सांगितला. त्यांनी तिची पापणी पुन्हा उचलून पाहिली.

"गोवरानं आधीच अंगातलं सत्त्व ओढलं होतं, त्यावर तुम्ही मासळी तोडलीत. माशाच्या यकृताचं, म्हणजे काळजाचं, तेल आठ-दहा दिवस आधी जरी पोटात गेलं असतं, तर डोळे वाचले असते. कोळ्याच्या घरात ते मिळत नाही?"

"मिळतं," मी म्हणालो.

उपचार झाले, तरी दुसराही डोळा गेला. मग मी तिला पाठीवर घेऊन हरिहरेश्वराची पायरी चढलो.

आज ती बोटांच्या अंदाजानं जाळी विणते, माझ्यापेक्षा भरभर. पण दर वर्षी मी तेलाचा डबा उघडला की ती घरातून कुणाचा हात न धरता सरळ येते आणि होडीपाशी उभी राहते. यंदा तिनं विचारलं, "बा, तवा मला मारलंस, ते कशापायी?"

इतकी वर्षं न सांगितलेलं मी सगळं सांगितलं. आणि डबा तिच्यापुढे धरला.

तिनं हात पुढे केला नाही. "आता होडीलाच पाज," ती म्हणाली. "तिला दर्यावर वाट शोधायची हाय."

मी चोळत राहिलो. ती माझ्याकडे तोंड करून उभी होती, पण बघत होती माझ्या शेजारी, हातभर अंतरावर, तिथं कुणी उभं असल्यासारखी. मी तिकडे वळून पाहिलं नाही.