दोराचं दुसरं टोक

नवेगाव बांधच्या तलावावर सकाळी धुकं उतरलं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, ते कळत नाही. त्या धुक्यात एका डोंग्यात कवडू, दुसऱ्यात त्याचा थोरला भाऊ दसरू आणि मध्ये जाळं. मासळी बुजू नये म्हणून जाळं ओढताना बोलायचं नसतं. दोराला एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे ओढ. हा रिवाज दोघांच्या पथ्यावरच पडला होता. चार वर्षांपूर्वी दसरूच्या मुलीच्या लग्नात कवडूला पहिल्या पंगतीला कोणी बोलावलं नाही आणि तेवढ्यावरून बोलणं बंद! पन्नाशी उलटलेली माणसं, पण रुसायला काय वय लागतं?

दोर मात्र रुसला नव्हता. धुक्यात भाऊ दिसत नसला तरी आज त्याची कंबर धरली आहे, आज तो घरी भांडून आला आहे, हे कवडूच्या तळव्याला कळायचं.

दिवाळीनंतर दसरूला लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. कवडूनं दोराचं दुसरं टोक काठावरच्या खुंटाला बांधलं आणि एकटाच ओढू लागला. मासे मिळायचे, पण घरी येऊन तो तळवा चोळत बसायचा.

"खुंट काही ओढून नाही राहिला," एकदा तो पुटपुटला.

गोंदियाला बीएस्सी करणारी त्याची मुलगी दिव्या हसली. "ओढते ना, बा! आपण जेवढ्या जोरानं ओढतो, तेवढ्याच जोरानं खुंट आपल्याले ओढते. एकट्यानं ओढणं असं काही नसतेच."

"मंग मले काऊन समजत नाही?"

दिव्या म्हणाली, "हे पुस्तकात नाही. मोठेबाबाले जाऊन विचारा."

दुसऱ्या दिवशी कवडू दोर घेऊन भावाच्या अंगणात गेला. दसरू उन्हात खाटेवर बसला होता. त्याची बायको रुख्माबाई म्हणाली, "डॉक्टर म्हणते, हात हलवला नाही तं कायमचा जाईन. पण हे कोणाले हात लावू देतीन तं ना!"

कवडूनं काही न बोलता भावाच्या उजव्या मुठीत दोर दिला, एकेक बोट मिटवलं, चिंचेखाली जाऊन बसला आणि दोन हिसके दिले. हात ओढला गेला आणि मांडीवर पडून राहिला. मग रोज सकाळी तेच. रुख्माबाईला वाटलं, दोघंही कामातून गेले.

विसाव्या दिवशी कवडूनं डोळे मिटले. अंगणात धुकं भरलं, खाटेखाली पाणी डुचमळू लागलं, भाऊ दूर कुठंतरी डोंग्यात होता. आणि तळव्याला काहीतरी लागलं. बोटभर मासोळीनं जाळ्याला तोंड लावावं, एवढंच. मग पुन्हा एकदा.

दोन हिसके! येड्यासारखं कवडूनं सगळा जोर लावून दोर ओढला. दसरू खाटेवरून पडता पडता राहिला.

"हळू ना बे!" तो जड जिभेनं खेकसला.

चार वर्षांनी पहिला शब्द.

"बरं, दादा," कवडू म्हणाला. डोळे पुसायला हात हवा होता, पण दोर सोडवेना.