रिकामा डेटाबेस

बाबांची साखर तपासायची होती, म्हणून सकाळीच त्यांना झोटवाड्यातल्या लॅबमध्ये घेऊन गेले. बाबा रेल्वेतले, भुसावळहून बदली झाली आणि रिटायर होऊनही आम्ही जयपुरातच राहिलो. काउंटरवरच्या बाईंनी त्यांचं नाव नोंदवलं, पण ट्यूबवर लावायची चिठ्ठी काही निघेना.

"सिस्टम बंद है, बैठिए."

ती सिस्टम आमच्याच कंपनीची. तिचा डेटाबेस आम्ही नुकताच कंटेनरमध्ये हलवला होता, तोही माझ्या हट्टाने. कंटेनर म्हणजे सॉफ्टवेअरची आटोपशीर खोली. बिघडली की मोडायची, तशीच दुसरी उभी करायची. आमच्या ऑफिसातल्या साहेबांना धाकधूक होती, की खोलीबरोबर रिपोर्टही गेले तर? मी म्हटलं होतं, "रिपोर्ट खोलीत ठेवायचेच नाहीत. ते बाहेर, वेगळ्या व्हॉल्यूमवर, म्हणजे स्वतंत्र साठ्यात राहतील."

बाहेर येऊन सहकाऱ्याला फोन लावला. तो जवळच्या चौमूं गावचा, हुशार, पण भारी उतावळा. मेमरी कमी पडून कंटेनर बंद पडला होता आणि याने तो काढून नवा सुरूही केला होता.

"दीदी, चालू तो हो गया," तो म्हणाला, "पर अंदर एक भी मरीज नहीं है."

मी पायरीवर बसले. बॅकअप होता, पण रात्रीचा; सकाळपासून घेतलेल्या नमुन्यांच्या नोंदी त्यात कुठून असणार?

"आधी तो नवा कंटेनर थांबव," मी सांगितलं. "रिकाम्यात कुणी नव्या नोंदी करायला नकोत. आता व्हॉल्यूमचं नाव वाच. एकेक अक्षर."

तो वाचत गेला. मधल्या हायफनच्या जागी त्याने खालची रेघ, अंडरस्कोर, टाइप केली होती. त्या नावाचा व्हॉल्यूमच नव्हता, म्हणून मशीनने निमूटपणे नवा, कोरा बनवून दिला होता.

"मतलब, पुराना वाला...?"

"असायला हवा. बघ."

थोडा वेळ नुसती कीबोर्डची खडखड.

"है दीदी! है!"

त्याने मेमरी वाढवली, जुना व्हॉल्यूम जोडला. डेटाबेस अचानक बंद पडला होता, त्यामुळे सुरू होताना त्या डेटाबेसनेच आधी आपल्या नोंदी ताडून पाहिल्या आणि मग कामाला लागला. शेवटची नोंद कोणाची, मी विचारलं. त्याने बाबांचं नाव वाचलं. हे माझे वडील, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आत गेले तर बाबा बाही वर करून बसले होते. "कुठं होतीस गं? झालं पण माझं!"

साहेबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मतलब, कंटेनर गया, पर डेटा नहीं गया?"

"नाही गेला."

ऑफिसात पोचले तोवर सहकाऱ्याने व्यवस्था बदलली होती: ठरलेला व्हॉल्यूम सापडला नाही, तर डेटाबेस सुरूच व्हायचा नाही. मला दाखवायला म्हणून त्याने मुद्दाम चुकीचं नाव टाकलं. पडद्यावर लालभडक एरर आली, आणि आम्ही दोघं खदखदून हसलो.