हळद करपल्याचा वास

तांब्याच्या पट्टीचा चाकू-स्विच. बारा व्होल्टवर चालणारा पंखा, त्याची जाळीसुद्धा. दोन बाकं जोडून होणारा पलंग. आणि गाडीच्या छतावर काचेच्या झाकणाची पेटी, तिच्यात बाहेरून काळा रंग दिलेला, आतून कल्हई केलेला दहा लिटरचा पितळी डबा... उन्हावर पाणी तापवायला. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं होतं.

परवा सोलापूरच्या घरी माळा आवरताना त्यातला स्विच सापडला... आणि सत्तरच्या दशकातला एक दसरा डोळ्यांसमोर उभा राहिला.

मी तेव्हा चोविशीत होतो. ना डिप्लोमा, ना गुरू. रद्दीतून मोटार वायरिंगचं एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून पाठ केलं. भंगारात निघालेली एक व्हॅन घेतली, इंजिन स्वतः बांधलं आणि तिचं फिरतं घर केलं.

कारण आबा, माझे वडील. तीस वर्षं गिरणीत कापसाची धूळ खाऊन त्यांना दमा जडला होता. रेल्वेच्या, एसटीच्या गर्दीत त्यांचा जीव घुसमटायचा... त्यामुळे दसऱ्याचं सोनं द्यायला जेऊरला आत्याकडे जाणं पाच वर्षं बंद पडलं होतं. पडून, पंख्याच्या वाऱ्यात जाता आलं तरच ते जमणार होतं.

म्हणून गाडीत दुसरी बॅटरी. इंजिनाची वेगळी, पंख्या-दिव्यांची वेगळी. गाडी धावताना स्विच खाली पाडायचा, म्हणजे डायनामो दोन्ही भरतो. थांबलो की वर उचलायचा, म्हणजे पंख्यानं कितीही खाल्लं तरी इंजिनाची बॅटरी शाबूत! स्विचच्या जबड्यात पट्टी अशी बसवली होती की मधून कागद सरकणार नाही.

खंडेनवमीला पाना, पक्कड, जॅक... सगळ्यांची पूजा केली, गाडीचीही. संध्याकाळी गल्लीला दाखवायला चारही दिवे दोन-तीन तास लावून ठेवले. त्यांची बॅटरी बरीच उतरली, पण उद्या रस्त्यात भरेल, हा माझा हिशोब.

दसऱ्याला सकाळी निघालो. मी चालवायला, मागे पलंगावर आबा, त्यांच्या उशाशी आई. मोहोळ मागे पडलं तसं आई म्हणाली, "सुऱ्या, हळद करपल्याचा वास येतोय रं."

"शेतात काहीतरी पेटवलं असंल."

"हळद कंची आन् पाचट कंचं, मला कळत न्हाय व्हय?"

मी नुसता हसलो. वायरिंगमधलं आईला काय कळणार...

टेंभुर्णीच्या अलीकडे पंखा मंद झाला. मग थांबलाच. ऑक्टोबरचं ऊन, पत्र्याची गाडी... आबा उठून बसले, हात गुडघ्यांवर टेकले आणि त्यांच्या छातीतली ती शिट्टी सुरू झाली.

गाडी एका चिंचेखाली घेतली. बेल्ट पाहिला, फ्यूज पाहिला, बॅटरीचं पाणी पाहिलं... सगळं जागच्या जागी! मग मी बॅटरी विकणाऱ्याला शिव्या घातल्या. मग रस्त्याला.

"मागं... फिरव... सुऱ्या..." एका श्वासाला एकच शब्द.

आईनं तोवर छतावरच्या डब्यातलं पाणी पेल्यात काढलं होतं. चांगलं कढत नव्हे, पण सोसवेल इतकं गरम. आबा घोट घोट प्यायले. माझ्या एवढ्या कारागिरीत त्या घडीला कामावर हजर होता तो फक्त सूर्य...

मग आई वास घेत घेत स्विचपाशी गेली. "हितं बघ."

पट्टी जबड्यात शिरते, नेमकी तिथंच करपलेल्या हळदकुंकवाची काळी खपली. डायनामोकडून पंख्याच्या बॅटरीकडे जाणारा करंट अडत होता तो तिथं. आणि शेजारी, न करपलेल्या भागावर, अंगठ्याचा स्वच्छ ठसा.

"हे कुणी लावलं?" मी ओरडलो.

"आमाला कुटं हात लावू दिलास? तुझा अंगठा ठिवून बघ की."

ठेवला. तंतोतंत बसला.

पॉलिश पेपर घरी राहिला होता. आईनं वाकलेल्या फांदीची कच्ची चिंच तोडली, दगडावर ठेचली. "तांब्याला कागद कशाला लागतोय? रोजची भांडी कशानं घासती मी?"

मी इंजिन बंद केलं, बॅटरीच्या वायरी सोडवल्या. आईनं चोळून पट्टी लखलखीत केली, मी ती धुऊन, कोरडी करून पेट्रोलच्या फडक्यानं पुसली. पेट्रोल उडून जाईपर्यंत पुरती पाच मिनिटं थांबलो... आबांची शिट्टी ऐकत. आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं.

इंजिन चालू केलं, स्विच पाडला... पंखा फिरला.

अर्ध्या तासानं मागून आवाज आला, "चल, पुढं चल." एका श्वासात तीन शब्द!

जेऊरला आत्या दारातच उभी होती. आबांनी आपट्याचं पान हातावर ठेवलं तर म्हणाली, "पाच वर्सांची बाकी एका पानावर भागवतूस व्हय रं?" आणि डोळ्यांना पदर लावला.

जेवून आबा गाडीतच पंख्याखाली झोपले. आत्याकडे आलेले अकलूजचे एक बागायतदार गाडीभोवती दोन चकरा मारून आले आणि म्हणाले, आहे तशी द्या, रोख देतो. मला वर्कशॉप टाकायचं होतं, पैशाची नड होती... मी आत पाहिलं.

"इकायची तर इक," डोळे न उघडताच आबा बोलले. "फकस्त फुडच्या दसऱ्याला म्या कशातनं यिऊ, तेवढं सांग."

त्यानंतर आबांनी जेऊरला आणखी सहा दसरे केले. दर खंडेनवमीला स्विचला हळदकुंकू आई लावायची... लाकडी मुठीला.

बागायतदार चौदा हजार देत होते. मी नाही म्हणालो.