लोकांसाठी नांगरलेला पट्टा

शेतात पाऊल टाकण्याआधी अक्का डांबरी रस्त्यावर थांबायच्या. कपाळावर हात आडवा धरून स्वतःच्याच शेताकडे अशा बघायच्या, जणू एस.टी.च्या खिडकीतून कुणी परकी बाई बघते आहे. मग म्हणायच्या, "वावर नांगरेल दिखाले जोयजे, पोरी."

शेत नांगरलेलं दिसलं पाहिजे. सगळा जोर त्या 'दिसलं'वर.

मी तेव्हा दोंडाईचा-नरडाणा पट्ट्यातली गावं स्कूटीवरून पालथी घालत होते. पिशवीत पत्रकं, मथळा माझाच: 'नांगर थांबवा, मातीचा कर्ब वाचवा!' माझं म्हणणं सरळ होतं आणि आजही आहे. पलटी नांगरानं जमीन खोल उलथली की मातीत मुरलेला पालापाचोळा आणि मुळं हवेला उघडी पडतात, जिवाणू त्यांचा फडशा पाडतात आणि जमिनीत राहू शकला असता तो कर्ब वायू होऊन आभाळात जातो. ट्रॅक्टरचं डिझेल जळतं ते वेगळंच. काळी माती दर उन्हाळ्यात पालथी करायची आणि मग पारावर बसून 'यंदा ऊन फार' म्हणायचं. चीड येते की नाही?

अक्कांना नाही आली. त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"माटीमाईन वायू निंघस?"

"निघतो, अक्का."

"तुले दिखना?"

"तो दिसत नाही."

"मंग जे दिखत नही त्यानासाठे, जे दिखस ते सोडू?"

मी तावातावानं बोलत राहिले. त्यांनी चहा टाकला आणि मी दमल्यावर कप पुढे केला.

खरी गोष्ट कळायला मला आणखी दोन-तीन चहा लागले. अक्कांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा नाही, एकच लेक, ती सुरतेला दिलेली. शेजारचं शेत दिराचं. गाव त्यांना नाना म्हणतं. नाना भांडखोर नव्हते, हीच पंचाईत. ते नुसते बांधावर उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणायचे, "वहिनीकडून आता होत नाही. आमच्या बापाची जमीन पडीक पडायची."

'आमच्या बापाची.' ऐकलंत? पुरुषानं शेत कापसाच्या उभ्या पऱ्हाट्यांसकट सोडलं तर तो जमिनीला विसावा देतो. तेच विधवेनं केलं तर तिनं शेत टाकलं, मग ते 'घरात' घ्यायला भाऊबंद मोकळे. चैत्रात काळी ढेकळं वर आलेली दिसली की त्या घरात कुणीतरी उभं आहे, असा आपल्याकडचा हिशेब. अक्का पिकासाठी नांगरत नव्हत्या. मी आहे, हे सांगायला नांगरत होत्या. माझ्या पत्रकात याबद्दल एक ओळही नव्हती.

तरी मी हटले नाही आणि अक्काही हटल्या नाहीत. पण दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनीच मला बोलावून घेतलं. रस्त्यावर उभं करून म्हणाल्या, "देख."

शेत नांगरलेलं होतं. माझं तोंड उतरलं. त्या हसल्या, मला हाताला धरून ढेकळांवरून आत घेऊन गेल्या. वीस-पंचवीस पावलांवर नांगरट संपली. पुढे सगळं शेत जसंच्या तसं होतं: पऱ्हाट्या बुडाशी कापलेल्या, मुळं जमिनीतच, वर पाल्याचा थर. एक नांगरलेला पट्टा रस्त्याच्या कडेनं, दुसरा नानांच्या बांधाच्या कडेनं. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं होतं, म्हातारीची जीभ अडखळली. त्यानं तीनदा विचारलं म्हणे, "अक्का, एवढंच?"

पुढे जळगावहून आमच्या विना नांगरणी शेतीच्या गटाचे चारजण शेत बघायला आले. रस्त्यावरूनच एकजण फणकारला, "हे तर नांगरलंय! विना नांगरणीचं शेत म्हणून आणलंस ना आम्हाला?"

मी काही बोलायच्या आत अक्का पुढे झाल्या. "हाई लोकेसनं शे, भाऊ. तुमनं मझार शे."

म्हणजे हे लोकांचं, तुमचं आत आहे. त्या माणसाला हसावं की चिडावं कळेना. आत जाऊन त्यानं पाल्याचा थर बाजूला केला, खालची ओलसर माती हातात घेतली, गांडूळ बघितलं आणि बाकीच्या तिघांना हाक मारली.

अशी काही वर्षं गेली. आत माती मऊ पडत होती. बाहेर पट्टे दरसाल नांगरले जात होते आणि नाना बांधावरून ढेकळं बघून परत फिरत होते.

मग एका उन्हाळ्यात, पट्टे नांगरायच्या आधीच, अक्का अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांना धुळ्याला दवाखान्यात ठेवलं. इकडे शेत चहूबाजूंनी तसंच, बिननांगरलेलं दिसत होतं. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. नानांनी ट्रॅक्टर लावून बांधापासून रस्त्यापर्यंत सगळं शेत खोल नांगरून टाकलं होतं.

मी त्यांच्या ओट्यावर चढून बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. नाना गोंधळून माझ्याकडे बघत राहिले.

"वहिनी दवाखानामा शे. वावर कसंबी पडेल दिखत व्हतं. पाराना लोके नावं ठेवत व्हतात. मी म्हनं, वहिनीनं वावर शे, नांगरी दिऊ. पैसा बी ली नही मी." वहिनीचं शेत आहे, नांगरून देऊ; पैसेही घेतले नाहीत म्हणे.

तशीच धुळ्याला गेले. खाटेशेजारी बसून अक्कांना सांगताना मला रडू फुटलं. एवढ्या वर्षांत मातीत साठवलेला कर्ब त्या खोल नांगरटीनं उघडा पाडला होता. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तो काय म्हनना? परत सांग."

"वहिनीनं वावर शे, नांगरी दिऊ."

"कोनापुढे म्हनना?"

"पारावरच्या सगळ्यांपुढे."

अक्कांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर असं काही पसरलं की मी रडायची थांबले.

"आमना बापनं म्हनना नही ना?"

"नाही. 'आमच्या बापाची' असं नाही म्हणाले."

"मंग रडू नको. तुना कर्ब आपन परत भरी लेसूत."

तो भरायला अक्का राहिल्या नाहीत. दवाखान्यातून लेक त्यांना सुरतेला घेऊन गेली आणि दिवाळीनंतर त्या तिथेच वारल्या. शेतात त्या वर्षी लेकीनंच मजूर लावून कापूस घेतला होता.

यंदा तो कापूस वेचून संपल्यावर ती गावी आली, तेव्हा तिच्यासोबत मीही शेतावर होते. पऱ्हाट्या वाळून उभ्या होत्या. नाना ट्रॅक्टरवाल्याला घेऊन आले, पण आत शिरले नाहीत. बांधाच्या पलीकडे उभे राहून त्यांनी पुतणीला विचारलं, "बेटा, नांगरू का?"

ती शेताकडे बघत राहिली. नाना उन्हात थांबले होते. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं.

"नको, काका."

"बरं," नाना म्हणाले, आणि ट्रॅक्टरवाल्याला हातानंच मागे फिरायची खूण केली.