मधला भाव न मानणारे मास्तर

"हे एकाचं झालं. दुसरा काय म्हणतो?" असं म्हणून मास्तर उजवा तळहात पुढं धरायचे, जणू त्यावर काही ठेवलेलं आहे, आणि डावा रिकामाच त्याच्या शेजारी आणून वाट बघायचे. समोरच्यानं दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हात खाली येत नसत. तुम्ही असा माणूस पाहिला असेल, तर त्याच्याशी भांडणं किती अवघड असतं तेही तुम्हाला ठाऊक असेल. मी भांडलो आहे. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

मी साखऱ्याहून हिंगोलीला आलो तेव्हा हातात दोर वळायची कला आणि खांद्यावर तापट डोकं, एवढंच भांडवल होतं. बाजारात एका लिंबाखाली बसत बसत मी तिथं स्वतःच्या हातानं दगडमातीचा ओटा बांधला. त्यावर बैलांचा साज विकायचो: कासरे, वेसणी, घुंगरमाळा, घंटा. गिऱ्हाइकाचा भाव आणि माझा भाव यांच्या मध्ये नेमकं कुठं थांबायचं, हे मला कोणाकडून शिकावं लागलं नाही.

मास्तर कळमनुरीकडचे. तेव्हा आमच्यावर हैदराबादचं राज्य होतं, म्हणून शाळेत इतिहास शिकवायचे तो उर्दूतून, आणि बहुतेक विलायतेचा. त्यांची भाड्याची खोली माझ्या ओट्यामागंच होती. शाळा सुटली की ओट्याच्या कडेला बसून इंग्रजी पुस्तकं वाचायचे. एकाच राजावरची तीन पुस्तकं, तिन्ही उघडी, आणि वाऱ्यानं पानं उलटू नयेत म्हणून प्रत्येकावर माझी एकेक पितळी घंटा. घंटेला गिऱ्हाईक आलं की विलायतेचा कारभार तेवढा वेळ बंद ठेवावा लागे.

तो राजा जाडजूड होता. त्यानं सहा लग्नं केली, धर्मगुरूशी भांडण काढलं आणि मठांच्या जमिनी घेतल्या. एवढ्या जमिनी एकट्या माणसानं गिळल्या कशा, असं मी सहज विचारलं आणि मास्तर खुलले. एक लेखक म्हणतो, राजाची मर्जी हाच कायदा होता, सगळं त्यानंच केलं. दुसरा म्हणतो, राजा शिकारीत गुंग. राज्य वजिरानं चालवलं, राजाचं फक्त नाव. तिसरा म्हणतो, राजाकडं ना खडी फौज होती, ना गावोगाव पगारी अंमलदार. खेड्यातल्या जमीनदारांना पटेल तेवढंच राज्य तो करू शकत होता, आणि मठांच्या जमिनी शेवटी गेल्या त्यांच्याच घरात.

मी कासरा वळता वळता म्हणालो, "मग सहा आणे राजाचं धरा, सहा वजिराचं, चार जमीनदाराचं. मिटलं."

मास्तर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "भाऊ, हा बैलाचा सौदा नाही. तिघंही चुकले असतील, तर मधला भाव काढून खरं कसं हाती येईल?"

"मग तुमी काय करता?"

"कोण कुठं उभा राहून बघत होता, ते बघतो. पहिल्यानं परदेशी राजांच्या वकिलांची पत्रं वाचली. ते दरबारात उभे, त्यांना राजाचं ओरडणंच ऐकू येणार. दुसऱ्यानं वजिराचं दप्तर चाळलं. त्यात वजीरच मोठा दिसणार. तिसरा खेड्यापाड्यातले दावे वाचत बसला."

"म्हंजे तिसरा खरा."

"त्याला खेडं दिसलं. दरबार कुठं दिसला?"

मला चीड यायची. दुकान उघडं ठेवायचं आणि भाव सांगायचा नाही, ही कसली रीत? तरी दुसऱ्या दिवशी मीच विचारायचो, त्या राजाच्या पोरीनं राज्य कसं केलं? तिच्याबद्दल तर वाद आणखी मोठा. कोणी म्हणे, तिला निर्णयच घेता येत नसे. कोणी म्हणे, लांबवणं हीच तिची चाल. मी म्हणालो, दुकानदार गप्प बसला की गिऱ्हाईक आपण होऊन वाढवतं. बाई पक्की होती. यावर मास्तरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले की हे कुठल्याच पुस्तकात नाही, पण असायला हवं होतं. त्या दिवशी मी एका माणसाला कासरा फुकट दिला.

पुढं एका बाजाराच्या दिवशी कचेरीचा शिपाई आला. ओटा काढा, सरकारचा हुकूम आहे. मी भर बाजारात हैदराबादच्या राजाला शिव्या द्यायला लागलो. मास्तरांनी मला ओढत खोलीत नेलं आणि विचारलं, त्या राजाला तुमचा ओटा ठाऊक तरी आहे का? हे शिपायाचं झालं. बाकीचे काय म्हणतात?

मी विचारत गेलो. कारकून म्हणाला, साहेबांची सही आहे. साहेबांनी सांगितलं, गावातल्या मोठ्या लोकांची मागणी होती. मोठे लोक म्हणजे एकटे देशमुख. त्यांच्या जावयाला त्या जागी सरकीचं दुकान टाकायचं होतं. तिसऱ्या पुस्तकातला जमीनदार दर पोळ्याला माझ्याकडूनच घुंगरमाळा नेत होता आणि मला पत्ता नव्हता.

देशमुखांकडं जाताना मी मास्तरांना साक्षीला नेलं. शाळेचा माणूस, त्याच्या शब्दाला वजन. त्यांनी कोण काय बोललं ते ओळीनं मांडलं, जावयाचं दुकानही सोडलं नाही. देशमुख खाली बघू लागले. मी जिंकलो होतो. तेवढ्यात देशमुख म्हणाले, "मास्तर, दिवाळीत याच्या ओट्यापाशी गाड्या अडकल्या, बैल बिथरला अन् माळणीचा पाय मोडला. बिचारी अजून लंगडून राहिली. हे खोटं हाय का?"

मी मास्तरांकडं बघितलं. ते नुसते गप्प बसले असते तरी भागलं असतं.

"हे खरं आहे," मास्तर म्हणाले. "मी खिडकीतून पाहिलं. ओटा रस्त्यात येतो."

ओटा गेला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मास्तर, तुमाला माझ्या बाजूनं बोलाया आणलं होतं."

"तुमच्याच बाजूनं बोललो, भाऊ. पण सगळं बोललो."

तुम्ही म्हणाल, केवढा सरळ माणूस. म्हणा. तुमचा ओटा गेलेला नाही. मी कळमनुरीच्या बाजारात पुन्हा एका झाडाखाली बसलो, आणि हिंगोलीला आलो तरी मास्तरांच्या खोलीवरून जायचं टाळलं.

मग धामधुमीचे दिवस आले. भारताची फौज आली आणि हैदराबादच्या राजाचं राज्य संपलं. नव्या अंमलदारापुढं लोक जुन्या जुलमाची गाऱ्हाणी मांडू लागले. मीही गेलो. देशमुख पांढरी टोपी घालून अंमलदाराच्या शेजारीच बसले होते. माझं ऐकून तेच आधी हळहळले, "गरिबाचा ओटा त्या राजवटीनं हिरावला, साहेब."

माझं डोकं फिरलं. "राजानं न्हाई, मालक. तुमी घेतला. तुमचा जावई अजून तिथं सरकी इकून राहिला."

अंमलदारानं साक्षीदार विचारला.

मास्तर आले तर माळणीचा मोडलेला पायही घेऊन येणार, हे मला बराबर ठाऊक होतं. तरी मी त्यांचंच नाव सांगितलं. सगळं पाहिलेला दुसरा कोणी नव्हता.

त्यांच्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, धामधुमीत हद्दीपलीकडं, वाशीमकडं गेले. अंथरूण इथंच राहिलं, पुस्तकं तेवढी डोक्यावर नेली. तिकडं गेलेली माणसं रोज परत येत होती, म्हणून भेटेल त्या गाडीवानाकडं मी निरोप दिला.

सुनावणीच्या तारखेला शिपायानं कचेरीच्या दारात मास्तरांचं नाव पुकारलं. देशमुखांनीसुद्धा मान वळवली. मी उठून दारापर्यंत गेलो. शिपायानं पुन्हा पुकारलं, जरा मोठ्यानं. लांबून एक धोतरातला माणूस येत होता. तो जवळ आला; मास्तर नव्हते. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि तो बाजाराकडं वळला. मग अंमलदारानं मला बाजूला व्हायला सांगून पुढच्या माणसाला आत घेतलं.