तीन टिपांचा करडा स्कर्ट

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, एक लांबट खोली आहे. एका भिंतीशी इस्त्रीची वाफ, दुसऱ्या भिंतीला पार छताजवळ एक खिडकी. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. या खोलीत सुईताई एकवीस वर्षं बसल्या. फाटक्या चादरी, परिचारिकांचे गणवेश, डॉक्टरांचे पांढरे कोट, सगळं शेवटी त्यांच्या टेबलावर येई. हजेरीपटावर त्यांचं खरं नाव असेलच. वरच्या पाच मजल्यांना मात्र त्या सुईताई म्हणूनच ठाऊक.

माणसाला त्या चेहऱ्यापेक्षा मापाने अधिक ओळखत. कुणाला दिवस गेलेत, कुणाला काळजीने पोखरलंय, हे घरच्यांच्या आधी त्यांच्या मापपट्टीला कळे. एकदा एका वयस्कर डॉक्टरांच्या अंगावर कोट सैल पडलेला पाहून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही जेवण सोडलंय, की वाढणारीनं तुम्हाला?" डॉक्टर इतके हसले की कोटाच्या खांद्याला मापासाठी लावलेली टाचणी त्यांनाच टोचली.

पण याच खोडीपायी धाकटी बहीण दुरावली. चार वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी बहिणीचा पोशाख शिवायला घेतला होता. तिच्या सासरची माणसं समोर बसलेली. सुईताईंनी मापपट्टी कंबरेभोवती ओढली आणि बोलून गेल्या, "अगंबाई, दोन वर्षांत चार इंच! श्वास तरी कसा घेतेस?" कुणीतरी फिदीफिदी हसलं. बहिणीने पोशाख दुसरीकडून शिवून घेतला. लग्नात तोंडदेखलं बोलणं झालं. पुढे तेही आटलं. 'तिनं आधी करावा' म्हणत दोघींनी फोनची वाट पाहिली, आणि दोघींनीही केला नाही.

सुईताईंना थायरॉइडचा आजार जडून अकरा वर्षं झाली होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक पांढरी गोळी घ्यायची आणि अर्धा तास काही न खाता बसायचं. तो अर्धा तास त्या घरच्या खिडकीशी काढत. समोरच्या इमारतीतला एक माणूस कुंड्यांना पाणी घालत असे. कधीमधी तो हात वर करी. ज्या दिवशी करी, तो दिवस जरा बरा जाई.

गेल्या वर्षभरात त्यांना थकवा येऊ लागला. वरच्या मजल्यावर गणवेश पोचवून आल्या की पाय लटपटत. त्या म्हणत, थायरॉइड, दुसरं काय. तहान फार लागे. ती इस्त्रीच्या वाफेची. सुईत दोरा ओवायला तीन-तीनदा प्रयत्न करावे लागत, ते वयाचं. प्रत्येक दुखणं टांगायला एकेक खुंटी हाताशी होती.

राहता राहिलं अंग. दुसऱ्या कुणाचा स्कर्ट कंबरेवरून घसरू लागला असता तर तो माणूस आरशापुढे उभा राहिला असता. सुईताई मशीनपुढे बसल्या. करडा स्कर्ट उलटा केला, इंचभर आत घेऊन टीप मारली. दोन महिन्यांनी पुन्हा. मग पुन्हा. दर वेळी स्कर्ट असा चापूनचोपून बसे की पाहणाऱ्याला वाटावं, या बाईत तसूभर फरक नाही. आणि पाहणारं तरी होतं कोण?

एका दुपारी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली बाई कोटाचा फाटका खिसा घेऊन आली. सुईताई स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं कापड काढत होत्या. स्कर्टची कड खिळ्याला अडकली आणि आतली बाजू बाहेर आली.

"थांबा, हलू नका," म्हणत ती बाई कड सोडवायला वाकली, आणि तशीच थांबली. "हे काय हो? एकाच्या आत एक, तीन टिपा?"

"सैल झाला की आत घेते. शिवणारीच्या अंगावर ढगळ कपडा बरा दिसतो का?"

"किती दिवसांत?"

सुईताईंनी बोटं मोजली. "सात-आठ महिने झाले असतील."

"आणि वजन?"

"वजनकाटा माझ्याकडे नाही. मापपट्टी आहे."

"तीन इंच गेले आणि तुम्ही शिलाई मारत बसलात? बाकी सगळ्यांची कंबर तुम्हाला पाठ! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." तिने टेबलाखालची पाण्याची बाटली पाहिली. "ही आज कितवी?"

"तिसरी."

तिने कोट तिथेच टाकला आणि सुईताईंना दंडाला धरून वर नेलं.

साखर वाढलेली निघाली. फार नाही, पण असायला नको तेवढी. त्याच वयस्कर डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "तुम्ही लठ्ठ असता तर नेहमीचा मधुमेह समजून गोळ्या दिल्या असत्या. पण तुम्ही झिजताय. आणि तुमचा थायरॉइड शरीराच्या आपल्याच संरक्षक पेशींनी बिघडवलाय. तशा माणसांत त्या कधीकधी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरही उठतात. एक वेगळी रक्ततपासणी करू."

आठवड्याने निकाल आला. तेच होतं.

सुईताई म्हणाल्या, "म्हणजे घरचीच कात्री घरचंच कापड कापतेय."

"अगदी बरोबर. पण अजून बरंच कापड शिल्लक आहे. पुष्कळांना बेशुद्ध होऊन इथं यावं लागतं, तुम्ही चालत आलात. आत्तापासून थोडं थोडं इन्सुलिन देऊ." त्यांनी पेन खाली ठेवलं. "साखर एकदम उतरली तर ओळखणारं घरात कोण आहे?"

"कुंड्यांना पाणी घालणारा एक माणूस आहे. समोरच्या इमारतीत."

या वेळी डॉक्टर हसले नाहीत. "भाऊ, बहीण?"

"एक बहीण."

"तिलाही तपासायला सांगा. हे आजार रक्ताच्या नात्यांत सापडतात. थकवा आहे का तिला? थंडी सोसत नाही, वजन विनाकारण वाढलंय, असं काही?"

सुईताईंच्या कानात चार वर्षांपूर्वीचं ते हसणं वाजलं. चार इंच. त्यांनी मोजले होते, बोलूनही दाखवले होते; ते का वाढले, हे मात्र विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी गोळी घेतल्यावरच्या अर्ध्या तासात त्यांनी फोन लावला. दोनदा कापला, तिसऱ्यांदा वाजू दिला.

"बोल," बहीण म्हणाली. आवाज जड, घोगरा. "आता कुणाचं माप काढायचंय?"

"माझं. तीन इंच कमी झालेय. मला कळलंच नाही." मग सुईताईंनी तपासणी, निकाल, इन्सुलिन, सगळं एका दमात सांगितलं. "तूही रक्त तपासून घे. थायरॉइड आणि साखर, दोन्ही. तुझ्या त्या चार इंचांना कारण असेल गं. तेव्हा मी विचारायला हवं होतं."



"मला उन्हाळ्यातही स्वेटर लागतो," बहीण म्हणाली. "इथे सगळे हसतात."

"मी नाही हसणार."

"बघते. तपासते." पुन्हा थांबून, "ते टोचायचं तुझं तूच?"

"माझं मीच."

"हं," बहीण म्हणाली, आणि फोन ठेवला. पुन्हा करीन म्हणाली नाही.

सुईताईंनी करडा स्कर्ट मांडीवर घेतला. कात्रीच्या टोकाने एकेक करून तिन्ही टिपा उसवल्या, दोरे बोटाने वेचले. मग तो घालून कंबरेला एक मोठी पिन लावली, बाहेरून, दिसेल अशी. सोमवारी तशाच कामाला गेल्या.