परत वाका

"आधी त्या बांगड्या काढ."

महिला समितीच्या अध्यक्षीणबाई माझ्या मनगटाकडं बघत होत्या. स्टेजच्या मागची खोली. बाहेर खुर्च्या भरत आलेल्या, लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी. बाई मिलमालकाच्या घरातल्या. त्यांच्या हातात सोन्याच्या पाटल्या. माझ्या हातात काचेच्या हिरव्या.

"जवानाची विधवा, आणि हिरव्या बांगड्या? फोटोत कसं दिसेल ते? पदर पण डोक्यावर घे."

मी काढल्या. व्हय, काढल्या. ओढून काढताना एक फुटली, काच हातात शिरली. बाईंनी रुमाल पुढं केला आणि रक्त बघून परत मागं घेतला. म्हणाल्या, "साडीला लागू देऊ नको."

माझा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला. दुधनीला, कानडी सीमेवरच्या आमच्या गावी, तार आली आणि तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायांनी माझ्या बांगड्या फोडल्या. तेव्हा मला शुद्ध नव्हती. पुढं सोलापुरात नोकरी लागल्यावर सासूनंच मला कासाराकडं नेलं. म्हणाली, "भुंड्या हातानं टायपिंग करतीस. मला बगवत न्हाय." त्या बांगड्या होत्या ह्या. दुसऱ्यांदा उतरवल्या, आणि ह्या वेळी मी चांगली शुद्धीवर होते.

नोकरी लष्कराच्या ऑफिसात. छोटंसं ऑफिस होतं. जवानांच्या नोंदी, रजा, पेन्शन, घरच्यांचे अर्ज. ह्याच ऑफिसात नवऱ्याच्या पेन्शनसाठी मी बाकावर बसून राहायची. आस्थापनेच्या टेबलावरचा माणूस मान वर न करता ओरडायचा, "ए बाई, उद्या ये." नवऱ्याचं नाव विचारायचा नाही, नंबर विचारायचा. नंबर सांगताना जीभ अडखळली की हसायचा. लढाईतल्या जवानाची बायको म्हणून मला तिथंच टायपिस्ट घेतलं, तेव्हाच मनात ठरवलं. एक दिवस ह्या टेबलावर मी बसणार. येणाऱ्या बाईला माणूस म्हणून विचारणार, तुमचं काय काम आहे.

मग ते सर्क्युलर आलं. कार्मिक व्यवस्थापनाचा डिप्लोमा. माणसांच्या नेमणुका, बढत्या, तक्रारी कशा हाताळायच्या त्याचं शिक्षण. संध्याकाळचे वर्ग, सोलापुरातल्याच कॉलेजात. कायम झालेल्या कुठल्याही कारकुनाची फी लष्कर भरणार. पास झालं की आस्थापनेचं टेबल. कुठल्याही, असं लिहिलं होतं. पुरुष, असं लिहिलं नव्हतं.

दोघांनी अर्ज केले. मी आणि कदम. कदम माझ्यानंतर लागलेले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, म्हणाले, "मिस्टर कदम, अभिनंदन. फी मंजूर." मी उभीच होते.

"तू कशाला ह्या भानगडीत पडतेस? टायपिंग बरं चाललंय की तुझं."

"साहेब, सर्क्युलरमध्ये..."

"सर्क्युलर मला वाचता येतं. बाईमाणसावर सरकारचा पैसा घालवून काय उपयोग? पण तुझी सोय केलीय मी. महिला समिती फी देणार आहे. समारंभ आहे रविवारी. व्यवस्थित ये."

सोय. मला तेव्हा तो शब्द बोचला नाही, हे आज आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो. मला वाटलं, फी मिळाल्याशी मतलब. आपल्याला शिकायचंय.

अशी मी त्या स्टेजवर आले. डोक्यावर पदर, मुठीत रक्त. निवेदक माईकवर बोलत होता, "आपल्या ह्या दुर्दैवी, निराधार भगिनी..." निराधार? मी पगार घेत होते. सासूला पोसत होते. खोलीचं भाडं भरत होते. समोर पहिल्या रांगेत साहेब बसलेले, त्यांच्यामागं ऑफिसची सगळी माणसं. कदमही. पायावर पाय टाकून बसलेले. त्यांची फी साहेबांसमोर खुर्चीत बसल्या जागी मंजूर झाली होती. त्यांना कुणी पदर घ्यायला लावला नव्हता.

बाईंनी पाकीट पुढं केलं आणि हळूच म्हणाल्या, "पाया पड."

मी वाकले. त्यांच्या पावलांना हात लावला. टाळ्या वाजल्या.

फोटोग्राफर ओरडला, "थांबा, थांबा! फ्लॅश उडाला नाही. बाई, परत वाका. आणि जरा तोंड इकडं करा, रडू आल्यासारखं."

लोक हसले. वाईट हसले नाहीत. लग्नात फोटो काढताना हसतात तसे, खेळीमेळीनं हसले. त्या हसण्यानं माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. माझा माणूस मेला होता. त्याचं मरण ह्यांना रविवारी सकाळी फोटोला हवं होतं. आणि पहिलं नीट आलं नाही म्हणून परत हवं होतं.

"वाक ना," बाई म्हणाल्या.

"न्हाय वाकणार."

मला वाटलं मी पुटपुटले. पण माईक जवळ होता. सगळ्या सभागृहात ऐकू गेलं. मग म्हटलं, आता अर्धवट कशाला.

"माझी फी ऑफिसनं भरायची हाय. कदमांची भरली तशी. मला भीक नको."

पाकीट टेबलावर ठेवलं. पदर डोक्यावरून खाली घेतला. स्टेजच्या पायऱ्या उतरून सगळ्यांच्या मधून चालत बाहेर आले. कुणी अडवलं नाही. कुणी सोबतही आलं नाही.

सोमवारी साहेबांनी दार लावून घेतलं. "माझी अब्रू घालवलीस. कुणामुळं पोट भरतेस, विसरलीस? नवरा मेला म्हणून घेतलं तुला."

मी म्हणाले, "व्हय साहेब. मेला म्हणून घेतलं. कुणासाठी मेला तेबी लिहा की फायलीत."

"गेट आउट."

ते आणीबाणीचे दिवस होते. सरकारी माणूस सावलीलाही भिऊन असायचा. ऑफिसात माझ्याशी बोलणं बंद झालं. एकटे सुभेदार तेवढे आले. आमचे हेडक्लार्क, अकलूजकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. माणूस मायेचा. माझ्या टायपरायटरशेजारी उभं राहून हळू आवाजात म्हणाले, "पोरी, चार ओळी लिहून दे. गैरसमजातून झालं, माफी असावी. मी साहेबांशी बोललोय. ह्याच वर्षी तुजी फी ऑफिसातनं मंजूर करत्यात. तुला हवं तेच मिळतंय की."

हवं तेच. तिथंच तर मेख होती. शिव्या देणाऱ्याला तोंड देता येतं. माया करणाऱ्याचं काय करायचं? रात्रभर विचार केला असं खोटं सांगणार नाही. सुभेदार बोलत होते तेव्हाच उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं.

"गैरसमज कुणाचा झाला, सुभेदारसाहेब? माजा तर न्हाय झाला."

"अगं, वाकडं शिरू नको. कागदच हाय."

"मग तुमी द्या लिहून. त्या फोटोवाल्याच्या वतीनं."

ते आपल्या टेबलाकडं वळले. जाताना म्हणाले, "लई पस्तावशील."

घरी सासूला सांगितलं. मला वाटलं होतं, बांगड्या घेऊन देणारी बाई, ही तरी पाठीशी राहील. ती भाकरी थापायची थांबली आणि पीठ लागलेल्या हातांनी माझे हात धरले. "बेडा यव्वा, बेडा. नको. नोकरी गेली तर दुधनीला कुणाच्या दारात उभं ऱ्हायचं? लिहून दे. त्यांचं काय जातंय, तुजं काय जातंय?"

"माजं जातंय, अत्ती."

ती रडली. मी नाही रडले. जेवण दोघींनाही गेलं नाही.

माफी लिहिली नाही. त्याऐवजी भर ऑफिसात, सगळ्यांच्या देखत, पुण्याच्या वरच्या ऑफिसला फीसाठी अर्ज टाईप केला. अर्ज खालून वर साहेबांच्याच सहीनं जायचा होता. त्यांना सही करावी लागली. सोबत त्यांनी माझ्या सर्व्हिस बुकात शेरा मारला: उद्धट, वरिष्ठांचा मान न राखणारी.

पुण्याहून उत्तर आलं नाही, त्या वर्षी कदम एकटेच वर्गाला गेले. संध्याकाळी वह्या घेऊन निघायचे, माझ्याकडं न बघता. मी त्यांच्या वाटणीचं टायपिंगही करत बसायची. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. नामंजूर. कारण, तो शेरा. मधल्या काळात आणीबाणी उठली, साहेब बदलले. तिसऱ्या खेपेला फी मंजूर झाली. मी शिकले. पास झाले. आस्थापनेच्या टेबलावर बसले.

शेवट गोड झाला म्हणून कुणी टाळ्या वाजवू नका. कदम माझ्यानंतर लागून आज माझे वरिष्ठ आहेत. गेलेली वर्षं मला कुणी परत दिली नाहीत, आणि मागितली तर नियम दाखवतात. सुभेदार निवृत्त होईतो माझ्याशी मोकळं बोलले नाहीत. समितीच्या बाई नंतर कुठल्याशा भाषणात म्हणाल्या म्हणे, त्या टायपिस्टला आम्हीच पुढं आणलं.

नवे साहेब भले आहेत. परवा म्हणाले, "तुमच्या बुकातला तो शेरा काढून टाकू. तुम्ही फक्त विनंतीचा अर्ज करा. अनवधानानं घडलं, एवढं म्हणा. बढतीला आड येतोय तो."

मी म्हणाले, "साहेब, शेरा ज्यांनी मारला त्यांची चूक होती असं तुम्हीच लिहा आणि काढा. मी विनंती करणार नाही."

"मग बढती अडेल."

अडू दे. नवरा गेल्यावर मला वाकायला शिकवलं सगळ्यांनी. तारेपुढं वाकले, बाकावर वाकले, स्टेजवर वाकले. आता ह्या टेबलावर जी बाई येते तिला मी आधी खुर्ची देते, मग नाव विचारते. आणि माझ्याकडून माफी हवी असेल त्यानं वाट बघत बसावं. मी मेल्यावरही त्याला ती मिळणार नाही.